तीजेत पावडर चालते का

पावडरीचा डबा घरात आला तेव्हा मला तो भिंतीला लावायच्या रंगाचा वाटला. तेवढाच मोठा, काळा, रुंद झाकणाचा. मी यांना विचारलं, "दिवाळीच्या आधीच रंग द्यायचा का?" हे म्हणाले, "घराले नाही, पोरीले आहे तो." मुलीने झाकण काढून दाखवलं. आत तपकिरी पीठ, पिठात गाडलेला एक चमचा आणि वास चॉकलेटचा.

"याडी, हे प्रोटीन," ती म्हणाली.

आमच्यात आईला याडी म्हणतात. घरात आमची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि लिहायला बसलं की तांड्यावरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली पुस्तकातली मराठी. मी तिन्ही बोलींत शोधून पाहिलं, प्रोटीनला एकीतही शब्द सापडला नाही. मग मी त्याला पावडरच म्हणू लागले.

मुलगी बारावीला आहे. घाटंजीच्या कॉलेजात एसटीने जाते आणि येताना भाईच्या गॅरेजात थांबते. भाई म्हणजे ट्रॅक्टर, मोटारपंप, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा माणूस. गॅरेजच्या मागे टिनाचं शेड आहे. तरुणपणी स्वतःसाठी त्याने तिथे वजनं आणून ठेवली होती. पुढे गावातली पोरं यायला लागली, मग पोरीही. आमची मुलगी तिथे पोचली ती पंपामुळे. पंप खोलून ठेवलेला, वेळ लागणार होता, बाप-लेक बसून कंटाळले होते. भाई काही आणायला मागे गेला तर उन्हात पडलेला लोखंडी दांडा, दोन्ही टोकांच्या वजनांसकट, सावलीत सरकलेला.

"हा कोणी हलवला?"

"मी. तापून राह्यला होता," मुलगी म्हणाली.

भाई तिला आत घेऊन गेला आणि एकेक वजन चढवून बघत बसला. पंप त्या दिवशी दुरुस्त झालाच नाही.

मला हे उचलण्याचं शास्त्र बरेच दिवस कळलं नव्हतं. आम्ही ओझं उचलतो ते कुठेतरी न्यायला. घागर विहिरीवरून घरी, कापसाचं गाठोडं वावरातून गाडीवर. इथे उचलायचं आणि तिथेच ठेवायचं. परत उचलायचं. मी एकदा गॅरेजात गेले होते तेव्हा दाराआडून पाहिलं. मुलीने दांडा गुडघ्यांवरून वर ओढला, सरळ उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की मी तिला हाक मारायची विसरले. घरी भांडी घासताना हे तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

तर यंदा श्रावणात जिल्ह्याची निवड चाचणी होती, यवतमाळला. तिच्या वजनाच्या गटातली एकच मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार. शिवाय वयाचा हिशोब असा की लहान मुलींच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. पुढल्या साली मोठ्या बायांमध्ये उतरावं लागणार, आणि तिथे भाईच्या भाषेत, "बेटी, वहां तो पहाड़ बैठे हैं."

आणि नेमकी त्याच दिवसांत तीज.

तीज हा आमच्या तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरींचा सण. वारुळाची माती आणि शेणखत टोपलीत भरून त्यात गहू पेरायचा, सगळ्या टोपल्या तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या घरी एका ठिकाणी ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ विहिरीवरून पाणी आणून गाणी म्हणत शिंपायचं. गहू उगवून वीतभर होईपर्यंत पोरी अळणी खातात. मीठ नाही, मिरची नाही, मटण-अंडं तर नाहीच. जिचा गहू पिवळा पडला तिने चोरून मीठ खाल्लं असं म्हणतात. मागच्या साली माझ्या मुलीला ताप होता म्हणून तिची तीज हुकली होती. टोपल्या बुडवायला पोरी नदीवर गेल्या तेव्हा ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. यंदा तिने आधीच सांगून ठेवलं, "चाचणी पण करीन, तीज पण करीन. दोन्ही."

हे ऐकून भाईने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही. तो स्वतः रोजे धरतो. रोज्यातही संध्याकाळी वजन उचलतो. "करू दे," तो म्हणाला, "पर पावडर दोन टाइम सोडायची नाही. अळणी खाऊन ताकत कुठून येईन?"

आता प्रश्न उरला एकच. तीजेत पावडर चालते का?

"याडी, तू नायकीण आजीले विचार," मुलगी म्हणाली.

मी चार बायांत बोलत नाही. बैठक असली की मी खांबाच्या मागची जागा बघते. पण पोरगी स्वतः विचारायला गेली तर तिलाच गाणं म्हणायला लावून वाटेला लावतील हे मला माहीत होतं. मी एक वाक्य पाठ केलं आणि डबा पदराखाली झाकून निघाले. तो डबा पदराखाली मावणारा नव्हता. वाटेत आमच्या शेजारणीने विचारलं, "तूप विकाले चालली का वं?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्यासोबत चालू लागली.

नायकाच्या ओट्यावर बाया गहू निवडत बसल्या होत्या. नायकीण आजी सुपारी कातरत होती. मी डबा मधोमध ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य विसरले.

"काय आहे?" आजीने विचारलं.

"पोरीचं आहे," मी म्हणाले. एवढंच निघालं.

बाकीचं शेजारणीने सांगितलं. तिला काहीच माहीत नव्हतं तरी तिने सगळं सांगितलं. झाकण उघडलं गेलं. एकीने वास घेतला, एकीने बोट लावून चाटलं.

"गोड लागते."

"गोड आहे म्हणजे चालते. याच्यात मीठ कुठं आहे?"

"माझ्या दिराच्या पोरानं खाल्लं होतं हे. दंड सुजले त्याचे."

"सुजले नाही वं, भरले."

"भरले म्हणते तर वखर काहून हाकत नाही मंग? आरशापुढूनच हालत नाही तो."

बाया हसल्या. मला वाटलं, झालं, गोड म्हणजे चालते, डबा उचलावा आणि निघावं. तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली ती सरळ ओट्यावरच. आजीने डबा तिच्याकडे सरकवला. "छोरी, याच्यावर काय काय लिहिलं आहे ते वाच."

मुलगी इंग्रजी अक्षरं वाचत गेली आणि सांगत गेली. दुधाची पावडर, कोको, साखरेसारखं काहीतरी. मग ती अडली. डब्यावरची ती ओळ तिथे एकटी तीच वाचू शकत होती. सोडून पुढे गेली असती तर कोणाला कळलं नसतं.

"सोडियम," ती म्हणाली.

"ते काय असते?"

"मिठातलं असते, आजी. थोडं टाकते ते चवीले."

मला तिला चिमटा काढावासा वाटला. शेजारीण म्हणाली, "आता दुधातही मीठ असते म्हणशीन."

"असते ना, काकू. दुधात असते, पालकात असते, हरभऱ्यातही थोडं असते. कॉलेजात शिकवलं आम्हाले."

"म्हणजे आम्ही आपल्या टाइमले तीजेत मीठच खाल्लं का?"

हा प्रश्न मोठा होता. ओट्यावरच्या सगळ्याच बायांनी पोरवयात तीज केलेली होती, आणि सगळ्यांच्या टोपल्यांचा प्रश्न एकदम वर आला. सगळ्या आजीकडे पाहू लागल्या. आजीने सुपारीचं खांड तोंडात टाकलं, ते या गालातून त्या गालात नेलं.

"म्हशीनं टाकलं, वावरानं टाकलं, ते चालते," ती म्हणाली. "माणसाच्या हातानं टाकलं, ते नाही चालत."

"पावडरीत कंपनीनं टाकलं."

"कंपनी काय झाडाले लागते? माणसंच असतीन ना तिथं."

झाला न्याय. बायांच्या जुन्या तीजा वाचल्या आणि पावडर गेली. आजी माझ्या मुलीला म्हणाली, "आपले जुने लोक बैलांवर मिठाची पोती लादून देशोदेशी फिरत. मिठाच्या गोण्यांवर बसून पोरी तीजेची गाणी म्हणत, पर चाखून नाही पाह्यत. तू तर लोखंड उचलते. लोखंडाले मीठ लागते का?"

"लोखंडाले नाही लागत, मले लागते," मुलगी पुटपुटली. पण हसली.

दुसऱ्या दिवशी मी मुलीसोबत गॅरेजात गेले. भाई ट्रॅक्टरखालून अर्धा बाहेर आला आणि तसाच पडून ऐकत राहिला. म्हशीनं टाकलेलं चालते हे ऐकून तो खालीच हसला.

"भाभी, तुमची आजी वकील पाहिजे होती. ऐका. पावडर म्हणजे काही जादू नाही. दूध फाडल्यावर पनीर वेगळं निघते आणि खाली जे हिरवट पानी राह्यते ना, त्याच्यातूनच हे काढते, सुकवते आणि डब्यात भरते."

"ते पाणी आम्ही वगारीले पाजतो," मी म्हणाले. वगार म्हणजे आमच्या म्हशीची पारडी. माझ्या तोंडून हे आपोआप निघालं.

"मग तुमची वगार पहिलवान आहे."

मग तो उठून बसला आणि नीट बोलू लागला. पावडर ही सोय आहे, म्हणाला. ज्याला दिवसभर काही मिळत नाही, वेळ नाही, घर लांब आहे, त्याने प्यावी. घरात दूध-दही, डाळ, हरभरा, शेंगदाणा असेल आणि प्रत्येक जेवणात त्यातलं काही पोटात गेलं, तर भागतं. फक्त जास्त खावं लागतं आणि करणाऱ्या बाईचे हात दुखतात. त्याची काळजी वेगळीच होती. घामातून मीठ जाणार, खायला मिळणार नाही, पायात गोळे येणार. "तीज चालू आहे तोवर हलकं उचलायचं, बेटी. ताकत एका दिवसात जात नाही. पर चाचणीच्या दिवशी किती राह्यते, ते मी नाही सांगू शकत."

तो दिवस तीजेच्या मधोमधच येत होता. म्हणजे मुलगी अळणी पोटानेच स्पर्धेत उतरणार होती. घरी येताना एसटीत मी खिडकीबाहेरची सोयाबीन बघत होते आणि मला एक कल्पना सुचली होती.

त्या कल्पनेबद्दल थोडं सांगायला पाहिजे. आमच्याकडे सगळीकडे सोयाबीन. आम्ही ते पेरतो, निंदतो, कापतो, मळणी करतो, पोत्यात भरून बाजार समितीत नेतो. खात मात्र नाही. ते विकायचं धान्य, जसा कापूस. कापूस कोणी खातं का? आणि भाईच्या भिंतीवरच्या तक्त्यात सोयाबीनचं चित्र सगळ्या डाळींच्या वर होतं, ते मी पाहिलं होतं. घरात मागच्या हंगामातलं अर्धं पोतं पडलेलं होतं. बियाण्याचं नव्हे, बियाण्याला औषध लावलेलं असतं, हे साधं. मी ते ज्वारीत चांगलं सढळ हाताने मिसळलं आणि चक्कीवर नेलं. चक्कीवाला म्हणाला, "वहिनी, हे पाट्याले चिकटते." मी काही बोलले नाही आणि माझ्या न बोलण्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

भाकरी पिवळसर झाली, दिसायला छान. वास कच्च्या शेंगेचा आणि चव कडवट. यांनी पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं सगळं खाल्लं. मुलीने ताकदीच्या हौसेने आणखी एक मागून घेतली. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात मळणीयंत्र सुरू झालं. विहिरीवरून येताना पोरींनी गाणं थांबवलं की तिचं पोट एकटंच म्हणत राहायचं. पोरी इतक्या हसल्या की एकीची घागर सांडली आणि सगळ्यांना परत विहिरीवर जावं लागलं. दुसऱ्या दिवशी मुलगी गॅरेजात जाऊ शकली नाही.

भाई म्हणाला, "भाभी, सोयाबीन कच्चं दळून नाही चालत. चांगलं उकडावं लागते, भाजावं लागते."

"मंग सांगितलं काहून नाही?" मुलीने विचारलं.

"मले काय माहीत तुम्ही वावर दळून खासान?"

ते पीठ म्हशीच्या ढेपेत थोडं थोडं करून संपवलं. मी माझ्या माहितीच्या धान्यांकडे परत आले. सकाळी पोरी पाणी शिंपून आल्या की रात्री भिजवलेले हरभरे उकडून, वरून गूळ. दुपारच्या डब्यात मुगाची उसळ, सोबत घट्ट दही. कॉलेजातून आल्यावर शेंगदाण्याचे लाडू. संध्याकाळी तुरीचं वरण, त्यावर तूप, भाकरी दुधात कुस्करून. मधूनच दूध फाडून पनीर करायचं, आणि त्याचं पाणी वगारीऐवजी मुलगी प्यायची. वगार माझ्याकडे दोन दिवस वळून पाहत नव्हती.

अळणी वरणाला सुरुवातीला चव लागत नाही, मग लागते. डाळीला स्वतःचा एक गोडवा असतो, तो मिठाखाली दबलेला असतो. मी मुलीसोबत अळणीच जेवायचे, कारण दोन वेगळ्या हंड्या कोण चढवणार. हेही अळणीच जेवायचे आणि तक्रार करायचे नाहीत. मला कौतुक वाटलं. मग एक दिवस गोठ्यात गेले तर चाऱ्याच्या पेंढीमागे आंब्याच्या लोणच्याची बरणी. मी ती होती तशी ठेवली आणि झाकण घट्ट केलं, मुंग्या लागू नयेत म्हणून.

पण मुलगी थकत होती, हेही खरं. एके संध्याकाळी तिच्या पोटरीत गोळा आला आणि ती विहिरीच्या पायरीवरच बसली. गॅरेजात भाई दांड्यावरचं वजन कमी करत होता आणि कमी केलेलंही तिला जड जात होतं. चाचणीच्या आदल्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते. ती कोनाड्यापाशी गेली, पावडरीच्या डब्याचं झाकण काढलं आणि नुसती वास घेत उभी राहिली.

"याडी, कोणाले कळते?"

"कोणाले नाही," मी म्हणाले.

"तू सांगशीन?"

"मी कोणाले काही सांगते का कधी?"

ती हसली. डबा तसाच उघडा धरून थोडा वेळ उभी होती. मी भाकरी उलटवत राहिले. तिने घेतलं असतं तर मी खरंच कोणाला सांगितलं नसतं, आणि तिला रागावलेही नसते. तिने झाकण लावलं. "आजीसाठी नाही," ती म्हणाली, "त्या सोडियमची ओळ मीच वाचली ना."

सकाळी टोपल्यांना पाणी घालून आम्ही पहिल्या एसटीने यवतमाळला निघालो. संध्याकाळच्या पाण्याला परत यायचं आजीला कबूल केलं होतं. हॉलमध्ये आधी पोरींची वजनं झाली. मुलगी काट्यावर चढली आणि भाईचं तोंड उतरलं. तिचं वजन घटलं होतं. "मीठ नाही तर अंगातलं पानी निघून जाते," तो मला हळूच म्हणाला. "वजन उतरलं म्हणजे ताकतही उतरली असन." मुलीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. तिला म्हणाला, "जा, पोट भरून खा."

वजनं झाल्यावर उचलायच्या आधी सगळ्या पोरी खातात. तिथे मसालेभाताची पाकिटं वाटत होते. आम्ही कोपऱ्यात आमचा डबा उघडला. शेजारी पुसदकडची एक मुलगी आणि तिची आई बसली होती. मुलगी झाकणाच्या बाटलीत पावडर हलवत होती. तिच्या आईने विचारलं, "भात काहून नाही घेत? चांगला आहे."

"तीज आहे," मी म्हणाले.

बाईचे डोळे बदलले. ती एकदम गोरबोलीत बोलू लागली. तीही आमच्यातलीच. "आमच्या पोरीनं यंदा सोडली," ती म्हणाली. "दोन्ही नाही जमत म्हणे." पुसदची मुलगी बाटली हलवायची थांबली. माझ्या मुलीने हरभऱ्याचा डबा तिच्यापुढे धरला. तिने मूठभर घेतले, खाल्ले आणि तोंड वाकडं केलं. "कसे खाते वं तू असे?"

"आता सवय झाली. तुझ्या पावडरीचा स्वाद कोणता?"

"आंब्याचा."

"आंब्याचाही येतो?" माझ्या मुलीच्या आवाजात इतकं दुःख होतं की दोघी हसल्या.

मग कळलं की दोघी एकाच गटात आहेत, आणि त्या गटात जोर त्या दोघींचाच.

स्पर्धेत तीन प्रकार असतात. खांद्यावर दांडा घेऊन बसून उठायचं, बाकावर झोपून छातीवरून वर ढकलायचं आणि शेवटी जमिनीवरून ओढून उभं राहायचं. तिन्हीतलं सगळ्यात जड उचललेलं मिळवून बेरीज करतात. पहिल्या दोन्हीत पुसदची मुलगी पुढे होती, आणि ते दिसतच होतं. तिचे पाय थरथरत नव्हते. माझ्या मुलीचे थरथरत होते. मी सगळ्यात मागच्या बाकावर, पुसदच्या बाईजवळ बसले होते. ती मोठ्याने ओरडून मुलीला जोर द्यायची. मला ओरडता येत नाही. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते.

शेवटच्या ओढण्यात पुसदच्या मुलीने अखेरचं वजन मागितलं, ते अर्ध्यावर आलं आणि खाली गेलं. आता माझ्या मुलीची शेवटची पाळी. भाई तिच्याजवळ बसला. तिने गॅरेजात उचललेलं सगळ्यात जड वजन लावलं तर ती पुढे निघणार होती. ते तीजेच्या आधीचं, मीठ खाल्लेल्या दिवसांतलं. मुलीने मान हलवली. "तेवढं नाही निघणार, भाई. मले कळते." त्यापेक्षा कमी लावायला तिने सांगितलं. तेवढ्याने फक्त बरोबरी होणार होती. भाईने तिच्याकडे पाहिलं, मग एकदम टेबलावरच्या माणसांकडे, आणि वजन लिहून दिलं.

दांडा हलायला फार वेळ लागला. गुडघ्यांपाशी येऊन तो थांबल्यासारखा झाला. शेजारची बाई ओरडत होती, आणि मला मग लक्षात आलं की ती माझ्या मुलीचं नाव घेऊन ओरडत होती. मुलगी सरळ झाली. तेच तोंड, गॅरेजात दाराआडून पाहिलेलं, पण आता ओठ पांढरे. पंचाचा हात खाली गेला आणि तिने वजन ठेवलं.

बरोबरी. मग टेबलावर कागद उलटसुलट झाले आणि नाव माझ्या मुलीचं पुकारलं. मला काही कळेना. भाई मागच्या बाकापर्यंत पळत आला. "भाभी, बेरीज सारखी आली तर जिचं वजन कमी, ती पुढं. नियम आहे. मीठ खाल्लं असतं तर काट्यावर ही जड भरली असती."

"आणि मीठ खाल्लं असतं तर जास्त उचललं असतं," मुलगी मागून म्हणाली. ती बाकावर टेकली होती, हात लोंबत होते.

"तेही आहे," भाई म्हणाला, आणि डोकं खाजवू लागला.

पुसदची मुलगी आली. तिने हात मिळवला. जिंकण्याचं कारण असं होतं की ते सांगून मिरवताही येत नव्हतं. पुसदची बाई मला म्हणाली, "पुढच्या साली आमच्या पोरीची तीज करून घेतो." मग म्हणाली, "पुढच्या साली ही मोठ्या गटात जाईन नं?" मी हो म्हणाले. बाई हसली, आणि मीही.

परतीच्या एसटीत मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. तांड्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि पोरी रिकाम्या घागरी घेऊन विहिरीवर आमची वाट बघत होत्या. नायकीण आजीही काठी टेकत तिथवर आली होती. तिने जिंकली का म्हणून विचारलं नाही.

"मीठ खाल्लं का?"

"नाही, आजी."

"तिले काय विचारता," शेजारीण म्हणाली, "याडीले विचारा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. "नाही खाल्लं," मी म्हणाले. "आणि पह्यली आली. पर बरोबरीत आली. मीठ खाल्लं असतं तर अजून उचललं असतं, असं तिचं म्हणणं आहे." चार बायांत एवढं लांब मी पहिल्यांदाच बोलले असेन. शेजारणीने माझ्याकडे पाहिलं ते पाहिलंच.

आजी म्हणाली, "मंग तीज झाली की खाय म्हणा मीठ. आन् उचल म्हणा."

राज्याच्या स्पर्धेला अजून अवकाश होता. भाईने एसटीत बसतानाच सांगून ठेवलं होतं, घरी जेवायचं आणि ज्या दिवशी बस चुकेल, क्लास लांबेल, त्या दिवशी पावडर. मला ते पटलं. डाळीचा डबा कॉलेजभर हिंडवून आंबवण्यापेक्षा ते बरं.

मुलगी विहिरीवर गेली. घागर भरली, पायरीवर आणली आणि उचलायला वाकली. उचलेना. दिवसभर लोखंड ओढून आलेले हात घागरीला नाही म्हणाले. पोरी हसू लागल्या, तीही हसली. मी पुढे झाले तर ती म्हणाली, "याडी, नको. तीजेचं पाणी पोरींनीच आणायचं असते." खरं होतं. मग सगळ्यात लहान पोरीने आणि शेजारणीच्या लेकीने मिळून घागर तिच्या डोक्यावर चढवली. गाणं सुरू झालं आणि त्या नायकाच्या घराकडे चालू लागल्या. ती मधे, हळूहळू, मान अगदी सरळ ठेवून.